नव्याने बांधलेले इंजिन ठोकते तेव्हा

पावसाळा ओसरला की आपल्या सभासदांपैकी ज्यांच्या पिठाच्या गिरण्या, तेलाचे घाणे किंवा गुऱ्हाळाचे चरक अद्याप तेलाच्या इंजिनावर चालतात, त्यांच्याकडे इंजिने खोलण्याची घाई सुरू होते. गावोगाव वीज पोहोचली आणि पुष्कळ ठिकाणी मोटारी बसल्या हे खरे. परंतु ऐन हंगामात वीज गेली म्हणजे कोपऱ्यातील जुन्या इंजिनाचीच आठवण होते. मग मिस्त्रीस बोलावणे जाते, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे नवी आणली जातात, चार-सहा दिवसांत इंजिन पुन्हा उभे राहते, नारळ फुटतो, हँडल फिरते, इंजिन चालू होते आणि ठोकू लागते. खोलण्यापूर्वी जे इंजिन धूर ओकत का होईना पण मुकाट चालत होते, ते दोन-पाच हजार खर्चून आता लोहाराच्या दुकानासारखे वाजते.

आमचा व्यवसाय इंजिनाच्या सुट्या भागांचा असल्यामुळे या प्रसंगाच्या दोन्ही बाजू आमच्या पेढीवर येऊन ऐकविल्या जातात. मालक म्हणतो, मिस्त्रीने काम बिघडविले. मिस्त्री म्हणतो, बेअरिंग खोटे निघाले. बेअरिंग तेलकट कागदात गुंडाळून आमच्यासमोर ठेवले जाते आणि त्याच्याबरोबर वर्षानुवर्षांचा घरोबाही पणाला लागतो. अशा वेळी इंजिन पुन्हा सगळे खोलून पाहणे हाच एक उपाय लोकांना सुचतो आणि आमच्या मते तोच सर्वांत वाईट. खोलल्यावर आवाज नाहीसा होतो. मग शोधायचे काय? ठोका हा इंजिन चालू असतानाच बोलतो. तो कोठून, केव्हा आणि कोणत्या अवस्थेत येतो हे आधी ऐकून घेतले, तर दहांतील बहुतेक दोष क्रँककेसचे झाकण न काढता सापडतात. नव्याने बांधलेल्या इंजिनात तर ही गोष्ट अधिकच सोपी आहे, कारण दोष बहुधा त्याच ठिकाणी असतो जेथे नुकताच पाना लागला आहे.

आपल्या भागात दोन जातींची एकसिलिंडरी इंजिने विशेष आढळतात. एक मंदगती, दोन मोठ्या चाकांचे. मूळ इंग्लंडातील डर्सली येथील लिस्टर कारखान्याचे आणि पुढे राजकोटच्या कारखानदारांनी त्याच नमुन्यावर हजारोंनी बनविलेले. सहा अश्वशक्तीचे हे इंजिन मिनिटास ६५० फेरे घेते. त्याचा बोअर साडेचार इंच, तर स्ट्रोक साडेपाच इंच. दुसरे उभे, आटोपशीर, मिनिटास १५०० फेरे घेणारे. या जातीत किर्लोस्करांचे नाव आपल्याकडे घरोघरी झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावातच सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला आणि १९४६ मध्ये त्या घराण्याने पुण्याजवळ खडकी येथे तेलाच्या इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला, ही गोष्ट सीमाभागातील वाचकांस सांगावयास नकोच. दोन्ही जातींची अंगे एकच. फरक गतीचा आणि वंगणाच्या रीतीचा. पुढील विवेचन मुख्यतः पहिल्या जातीला धरून आहे, कारण तिचा ठोका सावकाश पडतो व कानाला मोजता येतो.

प्रथम इंजिनाच्या बाहेर पाहावे. हे वाचून कोणी हसेल. पण पट्ट्याचा सांधा पुलीवर आपटून जो टक-टक आवाज होतो, त्यासाठी बेअरिंग बदललेले आम्हांस ठाऊक आहे. पट्टा उतरवून इंजिन मोकळे चालवावे. आवाज गेला तर तो सांध्याचा किंवा जात्याच्या शाफ्टाचा. (मात्र इंजिनावरील भारही त्याच वेळी गेलेला असतो, म्हणून पट्टा चढवून पट्ट्याच्या फेऱ्याबरोबर आवाज येतो का, हे पुन्हा ताडून पाहावे.) त्यानंतर पायाचे बोल्ट. इंजिन उचलून कामाला नेले असेल आणि परत बसविताना एका कोपऱ्याखाली पट्टी राहून गेली असेल, तर सबंध बैठक दर फेऱ्यास आपटते. बैठक आणि चौथरा यांच्या सांध्यावर बोट ठेवले की ते कळते.

याहून मोठा फसवा अपराधी म्हणजे चाकाची चावी. लिस्टर जातीच्या इंजिनात प्रत्येक चाक शाफ्टावर एका निमुळत्या, डोके असलेल्या चावीने जखडलेले असते. इंजिन खोलताना चाके काढावी लागतात, चाव्या ठोकून बाहेर येतात, त्यांच्या कडा फुलतात आणि परत बसविताना तीच चावी हातोड्याने जेमतेम आत जाते. वरून पक्की दिसते. पण तिचा उतार चाकाच्या खाचेत सर्वांगाने बसलेला नसतो. कधी तिचे डोके तुंब्यास टेकते आणि मिस्त्रीला वाटते, चावी पूर्ण घट्ट झाली. डोके आणि तुंबा यांच्यामध्ये जागा राहिलीच पाहिजे. ती नसेल तर चावी डोक्यावर अडली आहे, उतारावर नव्हे. असे चाक कॉम्प्रेशनच्या वेळी शाफ्टाला पुढे ढकलते आणि स्फोट होताच शाफ्ट चाकाला पुढे ओढतो. या दोन्ही धक्क्यांच्या मध्ये केसाएवढी मोकळीक असली तरी मण-दोन मण वजनाचे लोखंड तेवढ्यापुरते मागे-पुढे होते आणि जो दणका निघतो, तो हुबेहूब मुख्य बेअरिंगासारखा भासतो. आमच्या परिचयातील एका गिरणीत याच दोषापायी बेअरिंगे दोनदा बदलली गेली आणि दिवाळीपूर्वीचे दोन आठवडे दळण शेजारच्या गावी गेले; शेवटी नवी चावी घासून बसविताच इंजिन शांत झाले. ती चावी किती रुपयांची होती हे लिहिण्याची आवश्यकता नाही.

परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद असताना तुंब्यावरून शाफ्टाच्या तोंडावर खडूची एक सरळ रेघ ओढावी. भारावर अर्धा तास चालवून रेघ मोडली आहे का पाहावे. रेघ शाबूत असली तरी खाचेच्या तोंडाशी तांबूस भुकटी किंवा तांबडे तेल पाझरलेले दिसल्यास चावी हलते आहे असे निश्चित समजावे; लोखंडावर लोखंड घासल्याशिवाय तो रंग येत नाही. चावीवर ब्लू लावून, कानशीने घासून, सर्वांगाने टेकेल अशी बसविणे हे धीराचे काम आहे. टिनाची पट्टी घालून घट्ट करणे म्हणजे दुखणे पुढच्या महिन्यावर ढकलणे.

बाहेरचे सर्व ठीक निघाले म्हणजे ठोका मोजावा. चार स्ट्रोकांच्या इंजिनात स्फोट दोन फेऱ्यांत एकदा होतो. झडपा, त्यांना उचलणाऱ्या दांड्या आणि इंधनाचा पंप यांचे कामही दोन फेऱ्यांत एकदाच. उलट पिस्टन प्रत्येक फेऱ्यात एकदा वर टोकाला जातो. तेव्हा गव्हर्नर हाताने हलका धरून इंजिन मिनिटास सुमारे ३०० फेऱ्यांवर आणावे आणि एक्झॉस्टचे फुत्कार ऐकावेत. ते सेकंदास अडीच पडतील. प्रत्येक फुत्कारास एक ठोका पडत असेल, तर संशय ज्वलनावर, टॅपेटवर किंवा झडपेवर घ्यावा. एका फुत्कारास दोन ठोके पडत असतील, तर वर टोकाला पिस्टन कशास तरी लागतो आहे, किंवा क्रँकचा डिपर तेलाच्या कुंडाला घासतो आहे. कानाला लांब लाकडी काठी लावून तिचे दुसरे टोक क्रमाने हेडवर, सिलिंडरच्या बाजूवर आणि क्रँककेसवर टेकवले की आवाजाचे घरही सापडते. हे करताना धोतराचा सोगा, उपरणे किंवा पदर चाकाजवळ येऊ देऊ नये. फिरत्या चाकाच्या आऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत.

तिसरी कसोटी इंधन तोडण्याची. इंजिन वेगात असताना पंपाची दांडी उचलून इंधन बंद करावे आणि चाकांच्या जोरावर जे फेरे होतात, तेवढ्यात कान द्यावा. ठोका तत्क्षणी नाहीसा झाला, तर तो बहुधा ज्वलनाचा. सौम्य होऊन तसाच चालू राहिला, तर लोखंडाचा. बिग एंडचा ठोकाही भार जाताच मंदावतो, म्हणून ही कसोटी एकदाच करून निर्णय देऊ नये. पण अचानक पूर्ण शांतता झाली तर अर्धे काम झाले असे समजण्यास हरकत नाही.

ज्वलनाचा ठोका म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण नव्याने बांधलेल्या इंजिनात तो सर्वांत अधिक आढळतो आणि त्याचा आळ सर्वांत अधिक वेळा बेअरिंगावर जातो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा इतकी तापते की तीत शिंपडलेले तेल आपोआप पेटते. परंतु शिंपडणे आणि पेटणे यांच्यात क्षणाचा काही अंश जातो. त्या अवधीत जेवढे तेल आत साचेल, तेवढे पुढे एकदम भडकते. अवधी थोडा, तर आवाज मऊ. अवधी लांबला, तर घणाचा घाव. आता हा अवधी लांबतो कशाने? तेल फार लवकर सोडले तर, कारण त्या वेळी हवा पुरती दाबलेली आणि तापलेली नसते. झडपा नीट न बसल्यामुळे किंवा रिंगा अजून न बसल्यामुळे दाब कमी पडला तर. आणि नॉझल बारीक फवारा न करता थेंब टाकत असेल तर. हे तिन्ही दोष दुरुस्तीबरोबरच येतात. पंप काढून परत बसविताना त्याखालचे पॅकिंग बदलते, टॅपेटचा स्क्रू फिरतो, टायमिंगच्या चाकाचा एक दात इकडचा तिकडे होतो.

तेल सुटण्याची वेळ घरच्या घरी तपासता येते. पंपाच्या तोंडावरची नळी सोडून, इंधनाची दांडी पूर्ण उघडी ठेवून, चाक चालीच्या दिशेने अगदी सावकाश फिरवावे. तोंडाशी तेल ज्या क्षणी हलते, त्या क्षणी थांबावे आणि चाकावर खूण करावी. तेथून पिस्टन वर टोकाला येईपर्यंत चाक किती सरकते, हे कापडी फितीने मोजावे. चाकाचा व्यास २४ इंच असेल तर परीघ सुमारे ७५ इंच होतो, म्हणजे परिघावरील एक इंच हा जवळजवळ पाच अंशांएवढा. लिस्टर जातीच्या ६५० फेऱ्यांच्या इंजिनात तेल साधारण २० अंश आधी सुटावे. तेव्हा फितीवर चार इंचांहून थोडे अधिक अंतर यावे. ते साडेपाच-सहा इंच भरले, तर ठोक्याचे मूळ सापडले. १५०० फेऱ्यांच्या इंजिनांत हा कोन अधिक असतो, किर्लोस्करांच्या ८७.५ मिलिमीटर बोअरच्या प्रसिद्ध इंजिनास तो २३ अंश दिलेला आहे. आपल्या इंजिनाचा आकडा त्याच्या पुस्तकातून घ्यावा, शेजाऱ्याच्या इंजिनावरून नव्हे. नॉझल पाहावयाचे तर ते बाहेर काढून नळीला जोडावे आणि पंप हाताने मारावा. फवारा धुक्यासारखा, तुटक आणि आवाज करीत सुटला पाहिजे व शेवटी टोकाला थेंब लोंबता कामा नये. मात्र त्या फवाऱ्यासमोर हात कदापि धरू नये. तो कातडीतून आत शिरतो, जखम टोचल्याएवढी दिसते आणि पुढे बोट किंवा हातही गमवावा लागतो. असे झाल्यास दुखण्याची वाट न पाहता तडक इस्पितळ गाठावे.

इंधन तोडूनही ठोका राहिला, तर हेड खोलण्याची वेळ आली. येथे प्रथम पाहावयाचे ते पिस्टन आणि हेड यांमधील अंतर. पिस्टन अगदी वर असताना जी फट राहते, ती बहुतेक इंजिनांत एक ते दीड मिलिमीटरच्या आसपास असते. हेड घासून घेतले, पातळ गॅस्केट घातले, सिलिंडरखालचे पॅकिंग बदलले, किंवा पिस्टन वेगळ्या बनावटीचा आणि माथ्याला किंचित उंच मिळाला, की ही फट नाहीशी होऊ लागते. थंड इंजिन हाताने फिरविताना काही लागत नाही. पण तापल्यावर पिस्टन वाढतो, वेगाच्या ओढीने बेअरिंगातील मोकळीक वर येते आणि प्रत्येक फेऱ्यास पिस्टन हेडला थोबाडीत मारतो. हे मोजण्याची जुनी, बिनखर्ची रीत म्हणजे शिशाची तार. पिस्टनच्या माथ्यावर, गजन पिनेच्या रेषेत दोन्ही बाजूंस, ग्रीसने तारेचा एकेक तुकडा चिकटवावा, झडपांच्या किंवा खळग्याच्या जागा चुकवाव्या, हेड नेहमीच्या गॅस्केटसह पुरते कसावे, चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून हेड काढावे. चेपलेल्या तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजली की तीच फट. दोन तुकड्यांच्या जाडीत फार फरक असेल, तर पिस्टन तिरका चालला आहे, म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकलेला आहे हेही त्याच वेळी कळते. एका तारेने दोन प्रश्नांची उत्तरे मिळतात.

हेड उघडेच आहे तर बोअरच्या वरच्या काठावरून नख फिरवावे. जुन्या रिंगा जेथपर्यंत घासत होत्या, त्याच्या वर न घासलेल्या लोखंडाची एक कड उरते. लायनर तोच ठेवून नुसत्या रिंगा नव्या घातल्या, तर नव्या रिंगेची कोरी धार त्या कडेवर आपटते. आवाज टणक, बारीक, भार असो वा नसो सारखा. हा दोष काटकसरीचा आहे. कड काढल्याशिवाय नव्या रिंगा घालू नयेत, आणि बोअर झिजलाच असेल तर लायनर बदलावा. अन्यथा वरची रिंग मोडून पिस्टनची खाच खाते.

आता बिग एंड. त्याचा आवाज जड, खोल, भार चढताच वाढणारा. परीक्षा अशी, की पिस्टन कॉम्प्रेशनच्या सुरुवातीला आणून चाक दोन्ही हातांनी पुढे-मागे किंचित हलवावे. दाबाने पिस्टन जागीच राहतो आणि बेअरिंगात मोकळीक असेल तर हाताला व कानाला 'टक्' असा स्पर्श होतो. बेअरिंग नवे असूनही असे का व्हावे? कारण झिजते ते केवळ बेअरिंग नव्हे, क्रँकची पिनही झिजते, आणि सारखी झिजत नाही. स्फोटाचा मार एका बाजूस अधिक बसल्याने ती अंड्यासारखी होते. अशा पिनेवर नवे गोल बेअरिंग चढविले की एका दिशेने घट्ट आणि दुसऱ्या दिशेने सैल. मायक्रोमीटर पिनेवर उभा आणि आडवा असा दोनदा लावावा. एक-दोन हजारांश इंचांहून अधिक फरक निघाल्यास क्रँक घासून घ्यावी आणि त्या मापाचे लहान बेअरिंग घ्यावे. आमच्याकडे परत येणाऱ्या 'खोट्या' बेअरिंगांपैकी बरीच बेअरिंगे निर्दोष असतात. मोजायची राहिलेली असते ती क्रँक. मोकळीक किती असावी याचा जुना अंदाज व्यासाच्या दर इंचास एक हजारांश इंच असा आहे. ती कमी करण्यासाठी कॅपचे तोंड कानशीने घासणे हा प्रकार आम्ही अजूनही पाहतो. त्याने भोक गोल राहत नाही आणि आवाज महिनाभर दबतो इतकेच.

गजन पिनेचा ठोका याच्या उलट स्वभावाचा: हलका, धारदार, जोडीने पडणारा, इंजिन मोकळे चालताना स्पष्ट. नवी बुश दाबून बसविली की तिचे भोक आकसते. ते रीमरने मापात आणले नाही किंवा जास्त कापले, तर हा आवाज येतो. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने सरकावी, आपोआप घसरून पडू नये. पिस्टन सैल असल्यास थंडीत खडखड होते आणि इंजिन तापल्यावर ती मावळते. ती फार नसेल तर हंगाम काढावयास हरकत नाही. टॅपेटची खटखट ओळखण्यास फटीत पुस्तकातील मापाची पट्टी सरकवावी, आवाज बदलतो. टायमिंगच्या चाकांवरील खुणा न जुळविल्यामुळे झडप पिस्टनला लागत असेल तर झडपेच्या आकाराची कोर पिस्टनच्या माथ्यावर उमटलेली दिसते. शाफ्ट लांबीच्या दिशेने सरकत असेल, तर चाकाच्या बाजूने खांद्याने रेटून पाहावे. मुख्य बेअरिंगांच्या घरांखालील शिम कमी-अधिक करून ते दुरुस्त होते.

एका प्रसंगी मात्र वरील कोणतीच परीक्षा करीत बसू नये. ठोका मिनिटागणिक वाढत असेल, किंवा ठोक्याबरोबर इंजिनाची गती पडत असेल, तर इंधन तोडून इंजिन तत्काळ थांबवावे. बिग एंडचा बोल्ट सैल झाल्याचे किंवा बेअरिंग वितळू लागल्याचे ते लक्षण असू शकते. बोल्ट तुटल्यावर सुटलेला रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो आणि त्या वेळी गिरणीत दळण घेऊन बायामुले उभी असतात.

आणखी एक गोष्ट, जी व्यापाऱ्यास मिस्त्रीहून अधिक चांगली साधते. काम चालू असतानाच काही मापे कागदावर लिहून घ्यावीत: क्रँकपिनेचा उभा व आडवा व्यास, बोअरचा वरचा व खालचा व्यास, रिंगेच्या तोंडाची फट (साडेचार इंची बोअरला ती पंधरा हजारांश इंचांच्या आसपास असते), शिशाच्या तारेने घेतलेली हेडची फट, आणि तेल सुटण्याचे चाकावरील अंतर. चांगला मिस्त्री ही मापे मागितल्याने रागावत नाही. उलट पुढे वाद उपस्थित झाल्यास तीच त्याची बाजू सांभाळतात, आणि आमचीही. पहिले काही तास इंजिन हलक्या भारावर चालवून, थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा कसावेत, टॅपेटची फट पुन्हा घ्यावी आणि तीही मापे तारीख घालून त्याच कागदावर खाली लिहावीत. कागद गिरणीच्या गल्ल्यात न ठेवता घरी खतावणीत ठेवावा. गल्ल्यातील कागदावर पीठ बसते आणि पुढच्या खेपेस आकडा वाचता येत नाही.